गेमचे अपडेट, पॅच आणि पुढचे भाग: नेहमी येणारे प्रश्न

नाशिक रोडला माझा आठ मशीनचा गेमिंग कॅफे होता. तो बंद केला, आता कॉलेज रोडच्या बाजूला लोकांना कॉम्प्युटर जोडून देतो. पण कॅफेतल्या पोरांकडे माझा नंबर राहिला आणि त्यांच्याकडून तो त्यांच्या भावंडांकडे, आयांकडे, कॉलेजातल्या मित्रांकडे पोचला. "काल रात्री अपडेट आला आणि गेमची वाट लागली" या वाक्याचे जितके प्रकार असू शकतात तितके मला व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन गेलेत. तेच ते टाइप करून कंटाळलो, म्हणून इथे एका जागी लिहिलंय. प्रश्न जमेल तिथे विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवलेत.

१. पॅच, अपडेट, डीएलसी, रिमास्टर, सिक्वेल... मला सगळं एकच वाटतं. फरक काय?

जुन्या नाशकातला एखादा वाडा डोळ्यांसमोर आणा. गळकं कौल बदललं, दाराची कडी दुरुस्त केली, तो पॅच. मागच्या अंगणात दोन खोल्या नव्याने काढल्या, ते डीएलसी किंवा एक्स्पान्शन. त्याचे बहुधा वेगळे पैसे पडतात. भिंती त्याच ठेवून नवा रंग आणि नवी फरशी, तो रिमास्टर. वाडा पाडून त्याच नकाशावर सिमेंटात उभा केला, तो रिमेक. आणि त्याच घराण्याने शेजारचा प्लॉट घेऊन दुसरं घर बांधलं, तर तो सिक्वेल.

'अपडेट' हा शब्द कडी दुरुस्त करण्यापासून खोल्या काढण्यापर्यंत कशालाही वापरतात, तिथेच घोटाळा होतो. एखादीच चूक निस्तरायला घाईघाईने सोडलेल्या पॅचला हॉटफिक्स म्हणतात. कधी कधी डागडुजी इतकी वर्षं चालते की जुनं काहीच उरत नाही, पण दारावरची पाटी तीच असते. त्याबद्दल प्रश्न ११ आणि १२ पाहा.

२. नर्फ, बफ आणि मेटा म्हणजे?

हत्यार किंवा पात्र मुद्दाम कमजोर केलं की नर्फ, ताकदवान केलं की बफ. त्या त्या काळात जिंकायला सगळ्यात सोयीची ठरलेली खेळायची पद्धत म्हणजे मेटा. नर्फ हा शब्द मुलांच्या फोमच्या गोळ्या मारणाऱ्या खेळण्यांच्या ब्रँडवरून आलाय: खरी बंदूक काढून हातात खेळण्यातली दिली, असा त्याचा भाव.

३. भाऊ, काउंटर-स्ट्राइकमध्ये एका बंदुकीच्या पाच गोळ्या कमी केल्या म्हणून माझा मुलगा दोन दिवस तोंड पाडून बसला होता. एवढं काय असतं त्यात?

ताई, असतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह (जीओ) मधल्या एडब्ल्यूपी या स्नायपर रायफलच्या मॅगझिनमधल्या गोळ्या १० वरून ५ केल्या. बंदुकीची ताकद तीच, गेममधली किंमतही तीच, ४७५० डॉलर. पण दहा गोळ्या असताना खेळाडू धुरात, दाराच्या फटीत, अंदाजाने दोन-तीन गोळ्या सहज झाडायचा. पाच झाल्यावर प्रत्येक गोळी हिशोबाने वापरावी लागते. मॅगझिन भरताना तो काही क्षण उघडा पडतो. हे समोरच्या टीमलाही ठाऊक असतं, म्हणून ते कान देऊन गोळ्या मोजतात आणि पाचवी वाजली की अंगावर येतात. बदलला एक आकडा, पण चाल मैदानातल्या दहाही जणांची बदलली.

आमच्याकडे सहा नंबरच्या मशीनवर रोज एक मुलगा बसायचा. त्याचा हात दहा गोळ्यांना सरावलेला. बदल झाल्यावर डोक्याला कळलं होतं, बोटाला कळलं नव्हतं. पाच संपून बंदूक रीलोडला जायची आणि हा माउस दाबतच राहायचा. टक, टक, टक. त्या आठवड्यात त्याने माउसचं डावं बटण मोडलं. त्याचे पैसे मी घेतले नाहीत, कारण त्याचं दुःख मला समजत होतं.

उलटा प्रकारही याच गेममध्ये झालाय. डिसेंबर २०१५ मध्ये आर-८ नावाचं रिव्हॉल्व्हर आलं आणि ते पिस्तुलाच्या भावात स्नायपरसारखं मारायला लागलं. काही दिवस मैदानात दुसरं काही दिसतच नव्हतं. लगेच नर्फ झालं, आणि त्यानंतर ते फार कोणी हातात धरलेलं मी तरी पाहिलं नाही.

४. माइनक्राफ्ट कितीतरी पुढे गेलंय, तरी मारामारीच्या सर्व्हरवर अजून १.८ चं नाव का निघतं?

फेब्रुवारी २०१६ च्या १.९ आवृत्तीने तलवार चालवायची पद्धत बदलली म्हणून. त्याआधी जितक्या वेगाने क्लिक कराल तितके वार बसायचे. १.९ मध्ये प्रत्येक वारानंतर थोडं थांबायला लावलं. घाईने मारला तर वार हलका पडतो. सोबत ढालही आली. विचार करून लढावं, हा हेतू चांगलाच होता. पण ज्यांनी वर्षानुवर्षं क्लिकचा वेग कमावला होता त्यांची सगळी कमाई एका रात्रीत मातीमोल झाली. जावा आवृत्तीत जुनी आवृत्ती निवडून खेळता येते, त्यामुळे त्यातले बरेच जण मागेच थांबले. म्हणजे सिक्वेल न काढताच एका गेमचे दोन गेम झाले.

५. पॅच नोट्समध्ये (बदलांच्या यादीत) दोन ओळींचा बदल आणि डाउनलोड पाच जीबी? माझा रोजचा डेटा दीड जीबी आहे!

गेममधली चित्रं, आवाज, नकाशे हजारो सुट्ट्या फाइलींत ठेवत नाहीत; मोठमोठ्या गाठोड्यांत बांधून ठेवतात. स्टीम हे कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान अशा फाइलीचे साधारण एकेक एमबीचे तुकडे पाडून तपासतं आणि बदललेले तुकडेच उतरवून घेतं. गाठोडं नीट बांधलं असेल तर अपडेट लहान येतो. पण मधे एक वस्तू घुसवल्यावर पुढचं सगळं पुढे सरकलं, किंवा गाठोडं दाबून बांधलेलं म्हणजे कॉम्प्रेस केलेलं असलं, तर जवळजवळ सगळेच तुकडे 'बदललेले' दिसतात. खाऊच्या डब्यात तळाशी एक लाडू ठेवायचा तर वरचा सगळा चिवडा बाहेर काढावा लागतो, तसं.

शिवाय जुनं गाठोडं उपसून नवं बांधायला डिस्कवर मोकळी जागा लागते. म्हणून ३०० एमबीच्या अपडेटलाही "जागा अपुरी" येऊ शकतं. मोबाइलवर आणखी एक चकवा आहे: प्ले स्टोअरवर अपडेट लहान दिसतो आणि उरलेला माल गेम उघडल्यावर आत उतरतो. तेव्हा अपडेट झाल्यावर घरच्या वायफायवर एकदा गेम उघडा, मगच घराबाहेर पडा.

६. अपडेट बंदच करून टाकता येतो का?

पूर्ण बंद, असं क्वचितच. ऑनलाइन गेममध्ये सगळ्यांची आवृत्ती एक असावीच लागते, नाहीतर सर्व्हर आत घेत नाही. एकट्याने खेळायच्या गेमसाठी स्टीममध्ये त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन "गेम सुरू करतानाच अपडेट कर" एवढं सांगता येतं. जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानावरून घेतलेल्या गेमचा इन्स्टॉलर स्वतःकडे ठेवता येतो. मी तो बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवतो. प्ले स्टोअरवर त्या अ‍ॅपपुरता ऑटो-अपडेट बंद करता येतो.

माझीच फजिती सांगतो. संक्रांतीच्या सुमारास कॅफेत एका कार रेसिंग गेमची स्पर्धा ठेवली होती. सोळा पोरं, प्रवेश फी भरलेली. ऑटो-अपडेट बंद करायचं मी पाच मशीनवर केलं आणि तीनवर विसरलो. रात्री त्या तिघांनी नवी आवृत्ती घेतली. सकाळी तीन मशीन एकमेकांना दिसतात, पाच एकमेकांना दिसतात, पण तीन आणि पाच एकमेकांना दिसत नाहीत. उरलेल्या पाचांवर अपडेट घ्यावा तर रविवारची सकाळ आणि इंटरनेट गेलेलं. शेवटी एका नव्या मशीनवरचं गेमचं फोल्डर हार्ड डिस्कवर घेतलं आणि एकेक करून पाच ठिकाणी टाकलं. तोवर सोळाच्या सोळा जणांना मिसळ खायला पाठवलं, माझ्या खर्चाने. स्पर्धा दुपारी अडीचला सुरू झाली. तरी वादावादी झालीच, कारण नव्या आवृत्तीत एका गाडीचा ब्रेक बदलला होता आणि आठवडाभर त्याच गाडीवर सराव केलेले दोघे पहिल्याच वळणावर भिंतीत गेले.

७. नवीन अपडेट आवडला नाही. मागे जाता येईल?

गेम बनवणाऱ्याने सोय ठेवली असेल तर. माइनक्राफ्ट जावाचं वर आलंच (प्रश्न ४). स्टीमवर गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये 'बीटाज' नावाचा भाग असतो. नाव बीटा (चाचणीची आवृत्ती) असलं तरी काही कंपन्या तिथे जुन्या आवृत्त्याही ठेवतात.

पण आधी सेव्ह फाइलची, म्हणजे तुमचा खेळ कुठवर आला ते साठवणाऱ्या फाइलची, कॉपी काढा. हे मी पाटीवर लिहून कॅफेत टांगलं होतं. नव्या आवृत्तीला जुनी सेव्ह बहुतेक वेळा वाचता येते. जुन्या आवृत्तीला नवी सेव्ह वाचता येईलच असं नाही. नव्या खोलीत ठेवलेली वस्तू जुन्या घरात शोधायला गेलात तर ती खोलीच नसते.

८. बग म्हणजे वाईटच ना? मग काही बग वर्षानुवर्षं तसेच का ठेवतात?

मला हा प्रश्न सगळ्यात आवडतो, त्यामुळे उत्तर लांबेल.

१९७८ चा स्पेस इन्व्हेडर्स घ्या. जसजसे परग्रहवासी मरतात तसतसे उरलेले वेगाने खाली येतात आणि छातीत धडधड वाढते. सुरुवातीला असं काही ठरवलेलं नव्हतं. त्या काळच्या प्रोसेसरला सगळे एकदम काढताना दम लागायचा. काही मेले की ओझं कमी व्हायचं आणि बाकीचे आपोआप पळायला लागायचे. बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांना ते आवडलं आणि त्यांनी तसंच ठेवलं. गेम पुढे जाईल तसा कठीण होत जावा, ही आज गृहीत धरलेली गोष्ट तिथे यंत्राच्या धापेतून आली.

१९९१ चा स्ट्रीट फायटर २. एक फटका पूर्ण व्हायच्या आत दुसरा लावला तर समोरच्याला मधे काहीच करता येत नाही, हे चाचणी करताना तो गेम बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीच्या माणसाच्या लक्षात आलं. ते जमायला फार कठीण आहे, कोणाच्या ध्यानातही येणार नाही, असं समजून राहू दिलं. पोरांच्या ते पुरतं ध्यानात आलं. १९९३ च्या सुपर स्ट्रीट फायटर २ मध्ये तर किती फटके सलग बसले ते पडद्यावर मोजून दाखवायला लागले. अशा सलग फटक्यांशिवाय, म्हणजे कॉम्बोशिवाय, आज मारामारीचा गेम कोणी विकत घेणार नाही.

माइनक्राफ्टमधला क्रीपर नावाचा शत्रू हे बिघडलेलं डुक्कर आहे. डुकराचं मॉडेल करताना उंची आणि लांबीचे आकडे उलटे पडले. पहिल्या जीटीएचं, म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटोचं (१९९७), मूळ नाव रेस अँड चेस या अर्थाचं काहीतरी होतं आणि तो रटाळ होत चालला होता. मग एका चुकीमुळे पोलिसांच्या गाड्या वेड्यासारख्या अंगावर धावून यायला लागल्या आणि चाचणी करणाऱ्यांना तेवढंच खेळावंसं वाटू लागलं. पुढच्या प्रत्येक भागात पोलीस तुमच्या मागे लागतात, ते त्या चुकीचं व्याज.

तेव्हा बग ठेवायचा की काढायचा, हे खेळणाऱ्यांचा हात कशाला सरावलाय त्यावर ठरतं. सगळ्यांना सारखा वापरता येणारा आणि शिकायला मेहनत लागणारा बग बहुधा टिकतो. दुसऱ्याचा गेम बंद पाडणारा किंवा फुकटात पैसे देणारा बग जातो, आणि जायलाच हवा.

९. गांधीजी अणुबॉम्ब टाकतात तो सिव्हिलायझेशनमधला बग खरा आहे का?

नाही. गोष्ट अशी सांगतात: १९९१ च्या पहिल्या गेममध्ये गांधीजींची आक्रमकता १ होती, लोकशाही आल्यावर त्यातून २ वजा झाले, आकडा शून्याच्या खाली जाऊ शकत नसल्याने फिरून थेट २५५ झाला आणि बापू खवळले. गणित इतकं चपखल आहे की मीही ते कॅफेत कित्येकांना रंगवून सांगितलंय. पण गेम बनवणाऱ्या सिड मायर यांनी २०२० मध्ये स्वच्छ सांगितलं की असा बग नव्हताच. गंमत पुढे आहे. २०१० च्या पाचव्या भागात गांधीजींची अणुबॉम्ब वापरण्याची ओढ मुद्दाम प्रचंड ठेवली होती, थट्टा म्हणून. त्यामुळे लोकांना वाटलं, जुना बग होताच, हे बघा. कधी नसलेल्या चुकीला सिक्वेलने पुरावा दिला.

१०. एका अक्षराने गेम बिघडू शकतो, हे खरं की थाप?

खरं. २०१३ च्या एलियन्स: कलोनियल मरीन्समधले शत्रू इतके मठ्ठ होते की गेमची छी-थू झाली. २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की सेटिंगच्या फाइलीत 'टेदर' या इंग्रजी शब्दाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त पडलंय. ते काढल्यावर शत्रू बरेच शहाण्यासारखे वागू लागले. त्या एका अक्षराने पूर्ण गेम सुधारला, असं मात्र म्हणू नका. बाकीचे दोष होतेच.

दुसरं उदाहरण जीटीए ऑनलाइनचं. गेम उघडायला कित्येक मिनिटं लागायची आणि लोक आपल्याच कॉम्प्युटरला शिव्या द्यायचे. २०२१ मध्ये एका खेळाडूने शोधून काढलं की दुकानातल्या सुमारे ६३,००० वस्तूंची १० एमबीची यादी गेम अत्यंत वेड्या पद्धतीने वाचतोय. त्याने स्वतः दुरुस्ती केली तर वेळ ७० टक्क्यांच्या आसपास घटला. कंपनीने त्याला १०,००० डॉलर दिले आणि मार्च २०२१ मध्ये अपडेट काढला. तोवर माझ्याकडे निव्वळ याच कारणासाठी रॅम वाढवून नेणारे किती आले असतील! मीही विकली, मलाही माहीत नव्हतं.

११. कंपन्या आता सिक्वेल का काढत नाहीत? एकच गेम दहा वर्षं का ताणतात?

कारण हप्त्याचं उत्पन्न एकरकमी विक्रीपेक्षा भरवशाचं. जीटीए ५ आला २०१३ मध्ये. पुढच्या भागाचा पहिला ट्रेलर दिसला डिसेंबर २०२३ मध्ये. मधल्या काळात ऑनलाइनमध्ये नव्या गाड्या आणि नवे दरोडे येत राहिले आणि पैसा वाहत राहिला.

फोर्टनाइट तर जुलै २०१७ मध्ये झोंबींपासून किल्ला वाचवायचा गेम म्हणून आला. सप्टेंबरमध्ये त्यात बॅटल रॉयल (शेवटी उरेल तो जिंकला) जोडलं आणि पाहुण्याने घर ताब्यात घेतलं. नो मॅन्स स्काय उलट्या वाटेने गेला: ऑगस्ट २०१६ मध्ये आला तेव्हा लोक फसवल्यासारखे चिडले, पण बनवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं फुकट अपडेट दिले आणि २०१८ च्या नेक्स्ट अपडेटपर्यंत लोक परत येऊ लागले.

चालू गेमला सिक्वेल आणणं जोखमीचंही असतं. बीजीएमआय (पब्जी मोबाइलचा भारतापुरता अवतार, प्रश्न १७ पाहा) जोरात असतानाच, नोव्हेंबर २०२१ मध्ये, तो काढणाऱ्या क्राफ्टन कंपनीने २०५१ सालात घडणारा न्यू स्टेट आणला. चित्रं छान होती. आमच्या गल्लीतली पोरं चार दिवस खेळली आणि परत बीजीएमआयवर आली. स्किन (पात्राचे, बंदुकीचे जमवलेले रंगरूप) तिकडे, मित्र तिकडे, बोटांची सवय तिकडे.

१२. मी काउंटर-स्ट्राइक जीओ विकत घेतला होता. मला न विचारता तो काउंटर-स्ट्राइक २ झाला! हे चालतं का?

चाललंय खरं. २७ सप्टेंबर २०२३ ला, म्हणजे नाशकात विसर्जनाच्या आदल्या दिवशी, काउंटर-स्ट्राइक २ जुन्या गेमवरच अपडेट म्हणून आला. स्किन सगळ्यांच्या राहिल्या. नवं इंजिन आलं. धुराचे गोळे आता खोलीच्या आकाराप्रमाणे पसरतात आणि गोळी मारली की त्यात भोक पडतं, त्यामुळे धुराआडून लपायचे वर्षानुवर्षांचे डाव पुन्हा शिकावे लागले. डायरेक्ट-एक्स ९, ३२ बिट मशीन आणि मॅकओएस यांचा आधार काढून घेतला, म्हणून जुन्या कॉम्प्युटरवर तो चालत नाही. जुना गेम बीटाजमध्ये (प्रश्न ७) ठेवलाय, पण तिथे नेहमीसारखं मॅचमेकिंग, म्हणजे अनोळखी खेळाडूंशी आपोआप गाठ घालून देणं, नाही. मित्रांना लॅनवर (एकाच जागच्या नेटवर्कवर) बसवून खेळायला चालेल.

ओव्हरवॉचचंही तसंच झालं. ऑक्टोबर २०२२ मध्ये दुसरा भाग आला, पहिल्याचे सर्व्हर बंद झाले आणि सहा-सहाच्या टीम पाच-पाचच्या झाल्या. एक माणूस कमी, एवढाच बदल. पण ज्यांनी सहा वर्षं ढाल धरणाऱ्या दोघांच्या जोडीने खेळायचं शिकून घेतलं होतं, त्यांची जोडीच फुटली.

माझं मत विचाराल तर सिक्वेल आणावा, पण जुन्या घराला कुलूप लावू नये.

१३. दरवर्षी येणारा फुटबॉलचा नवा भाग घ्यावा का?

दोन-तीन वर्षांनी एकदा. मधल्या वर्षी बहुतेक खेळाडूंच्या टीम बदललेल्या असतात आणि पळण्या-वळण्यात किरकोळ फरक. फिफा २३ नंतर नावही बदललं, २०२३ पासून तो ईए स्पोर्ट्स एफसी झाला. पहिल्याच मॅचमध्ये हात सांगतो की गेम तोच आहे.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्या घराघरात होतं: २००६ च्या शेवटी आलेला क्रिकेट ०७. ईएने त्यापुढे भाग काढलाच नाही. मग चाहत्यांनी स्वतः पॅच काढले. आयपीएल सुरू झाली २००८ मध्ये, म्हणजे हा गेम आल्यावर, तरी आयपीएलच्या जर्सी घातलेला क्रिकेट ०७ मी कॅफेत वर्षानुवर्षं चालवलाय. पोरं पेन ड्राइव्हमध्ये नवे चेहरे, नवी मैदानं घेऊन यायची. आतला बॉलर मात्र तोच, आणि ठरावीक चेंडूला तोच ठरावीक फटका मारला की चौकार ठरलेला. तो दोष कोणी काढला नाही. काढला असता तर मी स्वतः जुना पॅच परत टाकला असता.

१४. गेम पहिल्या दिवशी घ्यावा की थांबावं?

थांबा. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा जुन्या कन्सोलवर इतका वाईट चालत होता की आठवडाभरात प्लेस्टेशन स्टोअरवरून काढला गेला आणि जून २०२१ मध्ये परतला. सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटने कौशल्यांची रचना आणि पोलिसांचं वागणं नव्याने केलं. थांबलेल्यांना कमी पैशात चांगला गेम मिळाला. ऑनलाइन गेमचं मात्र उलटं, तिथे गर्दी पहिल्या महिन्यातच असते.

१५. रिमास्टर मूळ गेमपेक्षा वाईट कसा होऊ शकतो? आणि विकत घेतलेल्या गेममधली गाणी कशी गायब होतात?

नोव्हेंबर २०२१ मध्ये जुन्या तीन जीटीएंचा एकत्र रिमास्टर आला. त्यात टफ नट नावाच्या डोनटच्या दुकानावर मोठा नट होता, बोल्टला लावतात तो. नावातला विनोदच तो. चित्रं गुळगुळीत करताना त्या षटकोनी नटाचे कोपरे गेले आणि तो डोनटसारखा गोल झाला. मशीनने गोलाई पाहिली, विनोद पाहिला नाही. सुरुवातीला जुने मूळ गेम दुकानातून काढून टाकले होते. ओरड झाल्यावर कॉम्प्युटरसाठी ते परत आणले.

गाण्यांचं कारण कागदोपत्री आहे. गाणी ठरावीक वर्षांच्या कराराने घेतलेली असतात. जीटीए ४ आला २००८ ला. एप्रिल २०१८ मध्ये करार संपले आणि अपडेटने रेडिओवरची बरीच गाणी काढली, काही नवी घातली. जुनी डिस्क असेल आणि मशीन इंटरनेटला जोडलं नसेल तर ती गाणी वाजतील.

१६. एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये एवढे भारतीय आले, मग मराठे कुठे आहेत?

मूळ गेम १९९९ चा. २०१३ मध्ये सगळ्या भारताला मिळून 'इंडियन्स' ही एकच संस्कृती आली. एप्रिल २०२२ च्या डायनॅस्टीज ऑफ इंडियाने ती मोडून हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशी फोड केली. इंडियन्सचं खास सैन्य असलेला हत्तीवरचा तिरंदाज इतर भारतीय संस्कृतींना मिळाला आणि हिंदुस्तानींना गुलाम नावाचा भालाईत मिळाला. म्हणजे जुने इंडियन्स खेळणाऱ्याला उठून नवे डाव शिकावे लागले.

या गेमचा काळ ढोबळमानाने सोळाव्या शतकाअखेर संपतो. शिवाजी महाराजांचं राज्य सतराव्या शतकातलं, त्यामुळे ते यात बसत नाही. देवगिरीचे यादव मात्र काळाने चपखल बसतात, आणि कोणीतरी ते घालावेत अशी माझी जाहीर मागणी आहे.

१७. बीजीएमआय म्हणजे पब्जीचा अपडेट, सिक्वेल की वेगळा गेम?

खेळायला तोच, कायद्याने वेगळा. पब्जी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली. क्राफ्टनने जुलै २०२१ मध्ये भारतापुरता बीजीएमआय आणला आणि जुनी खाती हलवायला काही काळ मुदत दिली. जुलै २०२२ मध्ये तोही स्टोअरमधून गेला, मे २०२३ मध्ये चाचणीच्या अटीवर परतला. रक्ताचा रंग आणि खेळायच्या वेळेवरची मर्यादा असे बदल भारतातल्या आवृत्तीत याच सगळ्या भानगडीतून आले. पालकांनो, "अपडेटसाठी ही फाइल टाका" म्हणून कोणी लिंक पाठवली तर टाकू देऊ नका. अपडेट प्ले स्टोअरवरूनच.

१८. दादा, "ओरिजिनल" गेम म्हणजे नेमकी कुठली आवृत्ती?

चांगला पेच आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट २००४ मध्ये आला. जुनाच गेम परत द्या, अशी मागणी झाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये क्लासिक आला. पण तो पहिल्या दिवसाचा गेम नव्हता. २००६ च्या १.१२ आवृत्तीच्या आधाराने बांधलेला होता, म्हणजे दोन वर्षांचे पॅच पचवलेला. लोकांना आठवत होता तो हाच. पहिल्या दिवसाचा दिला असता तर "हा आमचा नाही" म्हणाले असते. स्वतः विचारायचा प्रश्न एवढाच, की तुम्ही कुठल्या वर्षी खेळायला लागलात?

१९. आम्ही इंजिनिअरिंगच्या चौघांनी छोटा गेम केलाय. लोक सूचना देतात. १.१ काढावा की सरळ भाग २?

१.१. भाग २ साठी पहिल्यात काय चाललं ते आधी कळायला हवं, आणि ते लहान बदलांतूनच कळतं. एका वेळी एकच आकडा हलवा. उडीची उंची आणि शत्रूचा वेग एकाच दिवशी बदललात तर बिघाड कशाने झाला ते कधीच सापडणार नाही. सेव्ह फाइलीत अगदी पहिल्यांदा आवृत्तीचा क्रमांक लिहा; आज दोन मिनिटांचं काम आहे, वर्षाने दोन आठवड्यांचं होईल. पॅच नोट्समध्ये "किरकोळ सुधारणा" असं लिहू नका, काय किती बदललं ते आकड्यात लिहा. खेळाडूला बदल खपतो, लपवलेला खपत नाही.

उडीला मात्र हात लावायचा असेल तर भाग २ मध्येच लावा. लोक गोष्ट विसरतात, उडी विसरत नाहीत. आणि प्रत्येक आवृत्तीची झिप जपून ठेवा. ती मला पाठवू नका, माझा फोन आधीच भरलाय.